अडथळ्यांची शर्यत आणि मांडव्याचे अविनाश साबळे

शाळेचे क्रीडासामने भरतात तेव्हा शंभर मीटरांच्या शर्यतीभोवती सर्वांत अधिक गर्दी लोटते, आणि ते स्वाभाविकच आहे. बारा-तेरा सेकंदांत निकाल लागतो. कोण जिंकले व कोण मागे राहिले हे पाहणारास दुसऱ्या कोणास विचारावे लागत नाही. अशा आखूड शर्यतींचे वीर आपल्याकडे झालेच नाहीत असे नव्हे. मुंबईच्या लेव्ही पिंटो यांनी १९५१ साली दिल्लीस भरलेल्या पहिल्या आशियाई सामन्यांत शंभर व दोनशे मीटर या दोन्ही शर्यती जिंकल्या होत्या. परंतु अलीकडच्या काळात ज्या मराठी धावपटूचे नाव जगाच्या मैदानांवर सर्वांत अधिक घेतले गेले, तो आखूड शर्यतीचा नव्हे. त्याची शर्यत आठ मिनिटांहून थोडी अधिक चालते, तीत पस्तीस वेळा अडथळा ओलांडावा लागतो, आणि त्यांपैकी सात वेळा अडथळ्याच्या पलीकडे पाणी असते. ही शर्यत म्हणजे काय, ती धावणारे श्री. अविनाश मुकुंद साबळे कोण, आणि त्यांच्या कारकिर्दीतील आकडे नीट वाचले असता त्यांतून काय दिसते, हे आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावे असे आम्ही योजिले आहे.

या शर्यतीस इंग्रजीत ‘स्टीपलचेस’ म्हणतात. ‘स्टीपल’ म्हणजे ख्रिस्तमंदिराचा उंच निमुळता मनोरा. आयर्लंडात १७५२ साली दोघा घोडेस्वारांची पैज लागली की, बटेव्हंट गावच्या ख्रिस्तमंदिरापासून डोनरेल गावच्या ख्रिस्तमंदिरापर्यंत प्रथम कोण पोचतो ते पाहावे. अशी या नावाची कथा सांगतात. वाट ठरलेली नव्हती. दूरवर दिसणारा मनोरा हीच खूण. मध्ये भिंत आली तर तीवरून, कुंपण आले तर त्यावरून, ओढा आला तर त्यातून जावयाचे. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी घोडा सोडून दिला आणि तीच शर्यत आपल्या पायांनी धावण्यास आरंभ केला. १९२० च्या अँटवर्प येथील ऑलिंपिक सामन्यांपासून तिची लांबी तीन हजार मीटर राहिली आहे. भिंतीच्या जागी लाकडी अडथळे आले, ओढ्याच्या जागी पाण्याचा खड्डा आला. मनोरा तेवढा नाहीसा झाला आणि नाव मागे राहिले.

मैदानाची एक फेरी चारशे मीटरांची असते. तीत पाच अडथळे मांडलेले असतात व त्यांतील चौथ्यापुढे पाण्याचा खड्डा असतो. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची ९१.४ सेंटिमीटर, स्त्रियांसाठी ७६.२. आमच्या मुलांनी ज्या हलक्या अडथळ्यांच्या शर्यती पाहिल्या असतील त्यांत पाय लागला तर अडथळा आडवा होतो व धावणारा पुढे जातो. येथे तसे नाही. येथील अडथळा जाड चौकोनी तुळईचा, दोन-अडीच मणांचा असतो व तो सहसा हलत नाही. पाय अडकला तर पडतो तो धावणारा. पाण्याचा खड्डा ३.६६ मीटर लांब असून अडथळ्याच्या पायथ्याशी सर्वांत खोल असतो आणि पलीकडे चढत चढत जमिनीस मिळतो. म्हणजे उडी जितकी लांब, तितके पाणी उथळ व तितका वेळ कमी. बहुतेक धावपटू तुळईवर एक पाय टेकून तेथून अंग पुढे लोटतात आणि दुसरा पाय खड्ड्याच्या उथळ टोकाशी टाकतात. पावसाळ्यात दप्तर डोक्यावर धरून नाला ओलांडणाऱ्या आमच्या मेळघाटच्या मुलास यातील मर्म समजावून सांगण्याची गरज नाही. १९६८ साली मेक्सिको येथे केनियाचे आमोस बिवोट यांनी तर हा खड्डा पायास पाणी न लागू देता ओलांडण्याचा सपाटा लावला होता. लोकांस त्यांची ती तऱ्हा विचित्र वाटली. पण सुवर्णपदक त्यांनीच नेले.

पाहणारास वाटते की, यात उडी हीच कठीण गोष्ट असावी. खरे पाहता एक उडी कोणीही मारील. कठीण आहे ते हे की, लय बांधून धावणाऱ्या मनुष्याची लय दर ऐंशी मीटरांवर मोडली जाते आणि ती त्याने पुन्हा बांधावयाची असते. भोवती दहा-पंधरा धावणारे खेटून असतात, पुढच्याच्या पाठीआड अडथळा दिसत नाही, बूट भिजून जड झालेले असतात, आणि शेवटच्या फेरीत पाय शिशाचे झाल्यावरही तुळई तितकीच उंच राहते. कोणता पाय उचलावयाचा हे पाच-सहा पावले आधी ठरवावे लागते. ज्यास दोन्ही पायांनी सारखीच उडी मारता येते त्याचा येथे मोठा फायदा होतो; एकाच पायावर विसंबणाऱ्यास प्रत्येक अडथळ्यापाशी पावले कमी-जास्त करावी लागतात, आणि तेवढ्यात चार जण पुढे निघून जातात.

आता श्री. साबळे यांच्याकडे वळू. त्यांचा जन्म १३ सप्टेंबर १९९४ रोजी बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडवा या गावी झाला. हा मुलूख दुष्काळी. तेथील पुष्कळ कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीस बाहेर पडतात. साबळ्यांचे घर शेतकऱ्याचे, आणि आईवडील वीटभट्टीवरही राबत. शाळा सहा किलोमीटर दूर, वाहनाची सोय नाही. तेव्हा मुलगा कधी चालत, कधी पळत ती गाठी. बारावीनंतर ते सैन्यात भरती होऊन महार रेजिमेंटच्या पाचव्या पलटणीत गेले. २०१३-१४ मध्ये त्यांची नेमणूक सियाचेनच्या हिमनदीवर झाली. तेथून राजस्थानच्या वाळवंटात व पुढे २०१५ साली सिक्कीममध्ये.

वर्तमानपत्रांत ती सहा किलोमीटरांची गोष्ट फार रंगवून येते, जणू काय ऑलिंपिकची वाट मांडव्याच्या त्या पायवाटेवरच सुरू झाली. आम्हास हे सांगणे अर्धवट वाटते, आणि आमच्या भागात तर ते अपायकारकही आहे. मेळघाटात इतके अंतर तुडवून शाळेत येणारी मुले काही थोडी नाहीत. नुसत्या चालण्याने धावपटू घडत असते, तर बैरागडापासून सेमाडोहापर्यंत घरोघर पदके टांगलेली दिसली असती. दारिद्र्य ही तालीम नव्हे. ते मुलाचे पाय कणखर करीत असेल, पण त्याच्या ताटातील भाकरी व रक्तातील लोह कमी करते, आणि धावणे हे शेवटी रक्ताचे काम आहे. फुप्फुसात आलेला प्राणवायू रक्तातील लोहाच्या आधारे पायांपर्यंत पोचावयाचा असतो. तेथे तूट असली म्हणजे जिद्द असूनही पाय चालत नाहीत.

अंगात शक्ती असणे व ती वळणास लागणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे आपल्या देशाने शंभर वर्षांपूर्वीच पाहिले आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या सामन्यांत अनवाणी धावणारे शेतकरी पाहून सर दोराबजी टाटा चकित झाले आणि त्यांच्या प्रयत्नाने १९२० साली हिंदुस्थानचे पथक अँटवर्पला गेले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. त्या पथकातील बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले यांनी मॅरेथॉनची शर्यत २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरी करून एकोणिसावे स्थान मिळविले. त्या काळी, तेवढ्या तुटपुंज्या तयारीवर, हे थोडे नव्हे. पण चौगुल्यांच्या मागून दुसरा चौगुले तयार करण्याची व्यवस्था नव्हती, म्हणून त्यांचे नाव आज मुलांस शिकवावे लागते.

साबळ्यांस ती व्यवस्था सैन्यात मिळाली. तेथे पोटभर अन्न होते, महिन्याचा पगार होता, आणि रोज सकाळी धावणे हा कामाचाच भाग होता. २०१५ साली सोबत्यांच्या आग्रहावरून ते सैन्याच्या रानधावेच्या शर्यतीत उतरले तेव्हा त्यांचे वय एकवीसच्या आसपास होते. या वयापर्यंत इतर देशांतील नामांकित धावपटू जागतिक सामने धावून आलेले असतात. मध्यंतरी दुखण्यामुळे अंगावर चढलेले सुमारे वीस किलो वजनही त्यांस उतरवावे लागले. सैन्याचे प्रशिक्षक श्री. अमरीश कुमार यांची दृष्टी त्यांच्यावर पडली आणि २०१७ मध्ये त्यांनी या जवानास अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळविले. २०१८ च्या आशियाई सामन्यांस घोट्याच्या दुखापतीमुळे मुकावे लागले. पण त्याच वर्षी सप्टेंबरात भुवनेश्वर येथे त्यांनी ८ मिनिटे २९.८० सेकंद ही वेळ नोंदविली. श्री. गोपाल सैनी यांचा ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांचा राष्ट्रीय उच्चांक १९८१ पासून उभा होता. सदतीस वर्षे कोणी न हलविलेला तो आकडा एका सेकंदाच्या फरकाने खाली आला.

येथून पुढची हकीकत आकड्यांतच सांगणे बरे, कारण आकड्यांत बढाई शिरत नाही. मार्च २०१९ मध्ये पतियाळा येथे ८ मिनिटे २८.९४. त्याच वर्षी ऑक्टोबरात दोहा येथील जागतिक सामन्यांच्या प्राथमिक फेरीत इतरांच्या धक्काबुक्कीने त्यांची वाट अडली, तरी ८ मिनिटे २५.२३; भारताची तक्रार पंचांनी मान्य करून त्यांस अंतिम फेरीत घेतले, तेथे ८ मिनिटे २१.३७ आणि तेरावे स्थान. मार्च २०२१ मध्ये ८ मिनिटे २०.२०. त्याच वर्षी टोकियो ऑलिंपिकात ८ मिनिटे १८.१२, पण गटात सातवे आल्यामुळे अंतिम फेरी हुकली. २०२२ च्या मार्चमध्ये तिरुवनंतपुरम् येथे ८ मिनिटे १६.२१, जूनमध्ये मोरोक्कोतील रबात येथे ८ मिनिटे १२.४८, ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅम येथे ८ मिनिटे ११.२०. आणि ७ जुलै २०२४ रोजी पॅरिस येथे ८ मिनिटे ९.९१. भुवनेश्वरपासून मोजले असता दहा वेळा राष्ट्रीय उच्चांक मोडला गेला, आणि त्यांतील नऊ वेळा त्यांनी स्वतःचाच मोडला.

गणिताची आवड असणाऱ्या विद्यार्थ्यांनी येथे थोडे थांबावे. पहिल्या व दहाव्या उच्चांकांत १९.८९ सेकंदांचे अंतर आहे. हे अंतर पस्तीस अडथळ्यांवर सारखे वाटले, तर प्रत्येक अडथळ्यापाशी अर्ध्या सेकंदाहून किंचित अधिक वेळ वाचला असे होते. आता अर्धा सेकंद म्हणजे काय? तुळईपाशी एक पाऊल आखूड टाकावे लागले, खड्ड्यातून बाहेर पडताना एकदा तोल सावरावा लागला, की तेवढा वेळ गेलाच. हा हिशेब ढोबळ आहे, कारण मधले सपाट अंतरही ते अधिक वेगाने धावू लागले होते. तरी सहा वर्षांची मेहनत कशाकशात वाटली गेली याची त्यावरून कल्पना येते.

बर्मिंगहॅमच्या शर्यतीविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. राष्ट्रकुलाच्या सामन्यांत १९९८ ते २०१८ या काळात सहा वेळा ही शर्यत झाली आणि सहाही वेळा तिन्ही पदके केनियाने नेली. दुसऱ्या कोणासही कांस्यपदकसुद्धा नाही. ६ ऑगस्ट २०२२ रोजी केनियाचे तिघे पुन्हा उतरले. त्यांत एक जण पूर्वीचा ऑलिंपिक विजेता. शेवटच्या फेरीत साबळे त्यांच्यात मिसळले आणि अखेरच्या सरळ वाटेवर केनियाचे अब्राहम किबिवोट यांच्या खांद्यास जाऊन भिडले. किबिवोट यांस ८ मिनिटे ११.१५ सेकंद लागले, साबळ्यांस ८ मिनिटे ११.२०. अंतर एका सेकंदाच्या विसाव्या भागाचे. त्या वेगाने मनुष्य एवढ्या वेळात सुमारे तीस सेंटिमीटर जातो. विद्यार्थ्यांनी आपल्या दप्तरातील फूटपट्टी काढून पाहावी. तीन हजार मीटरांअंती सुवर्ण व रौप्य यांत तेवढेच अंतर उरले होते.

केनियाचेच लोक या शर्यतीत इतके पुढे का, हा प्रश्न आम्हास मुले वारंवार विचारतात. १९६८ पासून २०१६ पर्यंत ज्या ज्या ऑलिंपिकात केनियाने भाग घेतला त्या त्या वेळी पुरुषांच्या या शर्यतीचे सुवर्णपदक केनियाकडेच गेले. त्यांचे बहुतेक धावपटू समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरांहून उंच पठारावर जन्मतात व वाढतात. तेथे हवा विरळ. शरीर त्या हवेस जुळवून घेण्यासाठी रक्तातील तांबड्या पेशी वाढविते, आणि असा मनुष्य खाली येऊन धावला म्हणजे त्यास प्राणवायू जणू फुकट मिळतो. याच कारणास्तव साबळे यांनी अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे, सुमारे अठराशे मीटर उंचीवर, प्रशिक्षक स्कॉट सिमन्स यांच्या हाताखाली तालीम घेतली. कोणी म्हणेल, मग आपला चिखलदरा काय वाईट? चिखलदऱ्याची हवा थंड व निरोगी खरी; पण तो साधारण अकराशे मीटरच उंच आहे. रक्तात हा पालट घडण्यास तेवढी उंची पुरत नाही.

परंतु केवळ उंचीने सर्व उलगडा होत नाही. उंच पठारे जगात इतरत्रही आहेत. आमच्या मते याचे दुसरे कारण एका शाळेत सापडते, आणि ते या अंकाच्या वाचकांस विशेष जवळचे वाटेल. केनियातील ईटेन या डोंगरी गावी सेंट पॅट्रिक्स नावाची मिशनची मुलांची शाळा आहे. १९७६ साली तेथे आयर्लंडहून कोल्म ओ’कॉनेल नावाचे एक ब्रदर भूगोल शिकवावयास आले. धावण्याच्या विद्येचे त्यांनी शिक्षण घेतलेले नव्हते, आणि राहणारही ते थोडेच दिवस होते. मुलांस घेऊन ते मैदानावर जाऊ लागले, पाहू लागले, टिपून ठेवू लागले, आणि कोणत्या मुलास किती धावविले असता तो खुलतो व किती धावविले असता तो कोमेजतो हे हळूहळू त्यांस कळू लागले. त्याच शाळेचे पीटर रोनो यांनी १९८८ साली सोल येथे पंधराशे मीटरांचे, आणि मॅथ्यू बिरीर यांनी १९९२ साली बार्सिलोना येथे याच अडथळ्यांच्या शर्यतीचे ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकले. बिरीर तर त्या शर्यतीत मध्येच पडले होते, उठून धावले व जिंकले. शाळेच्या मैदानावर श्रीमंती थाट नव्हता. रोज त्याच वेळी येणारा एक मनुष्य होता आणि त्याच्यामागे वर्षानुवर्षे येणारी मुले होती. चांगल्या मुलास रोज धावण्यासाठी दुसरा चांगला मुलगा सोबतीस मिळे. पतियाळ्याच्या मैदानावर साबळे एकटेच पुढे धावत, त्यांस खेचणारा कोणी नसे. हा फरक लहान नाही.

आमच्या तालुक्याची अडचण याच्याही आधी सुरू होते. शाळांचे मैदानी सामने हिवाळ्यात होतात, आणि दिवाळी झाली की पुष्कळ कुटुंबे हरभऱ्याच्या, गव्हाच्या कापणीस किंवा वीटभट्टीवर बाहेरगावी जातात ती होळीसच परततात. मुलेही बरोबर जातात. ज्या महिन्यांत मुलाने धावावयाचे, नेमके त्याच महिन्यांत तो मैदानावर नसतो. अमरावतीस श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारखी जुनी संस्था आहे. तिचे पथक १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिक सामन्यांच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आले. म्हणजे जिल्ह्यात ही विद्या नाही असे नाही. पण धारणीपासून ती सुमारे दीडशे किलोमीटर घाटवाटेने दूर आहे. ज्या पालकांस मुलास आजीपाशी किंवा वसतिगृहात ठेवून जाणे शक्य आहे, त्यांनी ते करावे असे आम्ही दरवर्षी सांगतो, आणि ज्यांस ते शक्य नाही त्यांस आम्ही दोष देत नाही. साबळ्यांचे आईवडीलही वीटभट्टीवर गेलेच होते.

मुलींच्या पालकांसाठी येथे आणखी एक नाव सांगणे अवश्य आहे. सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातील मोही गावच्या श्रीमती ललिता बाबर याही याच शर्यतीच्या. २०१५ साली वुहान येथे त्या आशियाई विजेत्या झाल्या. २०१६ साली रिओ ऑलिंपिकात त्यांनी प्राथमिक फेरीत ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय उच्चांक केला व अंतिम फेरीत दहावे स्थान मिळविले. १९८४ च्या पी. टी. उषा यांच्यानंतर ऑलिंपिकमधील धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी ती पहिलीच भारतीय स्त्री. आष्टी काय आणि माण काय, दोन्ही दुष्काळी तालुके. पाण्याच्या खड्ड्यावरून उडी मारण्यात नाव काढणारी दोन्ही माणसे ज्या गावांतून आली तेथे उन्हाळ्यात खड्ड्याएवढेही पाणी मिळणे कठीण, हा योगायोग आमच्या मनातून जात नाही.

असो. साबळ्यांच्या पुढील वर्षांत यश व अपयश पाठोपाठ आले. ऑगस्ट २०२३ मध्ये बुडापेस्टच्या जागतिक सामन्यांत ते प्राथमिक फेरीतच सातवे येऊन बाहेर पडले; वेळ ८ मिनिटे २२.२४, म्हणजे आपल्या उच्चांकाहून अकरा सेकंद मागे. पाच-सहा आठवड्यांनी, १ ऑक्टोबर रोजी, चीनमधील हांगझोऊ येथे आशियाई सामन्यांत ते पहिल्यापासून एकटे पुढे निघाले आणि ८ मिनिटे १९.५० सेकंदांत या शर्यतीचे भारतीय पुरुषांस मिळालेले पहिले आशियाई सुवर्णपदक घेऊन आले. तीनच दिवसांनी पाच हजार मीटरांत रौप्य. दोन्ही शर्यतींत पाय तेच होते. बुडापेस्टला मनुष्य इतरांच्या चालीने धावला, हांगझोऊला आपल्या. निदान आम्हास तरी तसे दिसते.

पॅरिस ऑलिंपिकात २०२४ साली नियम बदललेला होता: वेळ कितीही चांगली असो, प्रत्येक गटातून पहिले पाचच पुढे जावयाचे. साबळे आपल्या गटात पाचवे आले, ८ मिनिटे १५.४३. ऑलिंपिकात या शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचलेले ते पहिले भारतीय पुरुष. ७ ऑगस्टच्या त्या अंतिम फेरीत मोरोक्कोचे सूफियान अल बक्काली ८ मिनिटे ६.०५ सेकंदांत जिंकले. साबळे अकरावे, ८ मिनिटे १४.१८. काही लोकांनी नाक मुरडले की, पदक नाही ते नाहीच. आम्ही एवढेच म्हणू की, त्याच शर्यतीत जगाचा उच्चांक ज्यांच्या नावावर आहे ते इथिओपियाचे लामेचा गिर्मा शेवटच्या फेरीत अडथळ्यास अडकून पडले व त्यांस झोळीतून न्यावे लागले. गिर्मा यांचा तो उच्चांक ७ मिनिटे ५२.११ सेकंदांचा आहे. साबळ्यांची सर्वोत्तम वेळ त्याहून सुमारे अठरा सेकंदांनी, म्हणजे मैदानावर शंभराहून अधिक मीटरांनी मागे आहे. हे अंतर आम्ही लपवीत नाही. मुलांस खरे मोजमाप कळलेले बरे.

मे २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील गुमी येथे त्यांनी ८ मिनिटे २०.९२ सेकंदांत आशियाई विजेतेपद मिळविले. या स्पर्धेत ही शर्यत भारतीयाने जिंकल्यास तेव्हा छत्तीस वर्षे झाली होती. जुलैमध्ये मोनाको येथील शर्यतीत मात्र त्यांच्या गुडघ्यास इजा होऊन त्यांस शर्यत अर्धवट सोडावी लागली. मांडीचे हाड व नळीचे हाड यांस आतून जखडून ठेवणारे बंधन तुटले होते. शस्त्रक्रिया करावी लागली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात टोकियो येथे भरलेल्या जागतिक सामन्यांस ते जाऊ शकले नाहीत. अशा शस्त्रक्रियेनंतर पूर्वस्थिती येण्यास बहुधा नऊ महिने ते एक वर्ष लागते. प्रथम कुबडीने उभे राहणे, मग सपाट जमिनीवर चालणे, मग सरळ रेषेत सावकाश धावणे. खड्ड्यात उतरताना साऱ्या अंगाचा भार एकाच गुडघ्यावर येतो. म्हणून पाण्याची उडी सर्वांत शेवटी.